बिस्किटाच्या डब्यात काय आहे?

भेंडी दोन दिवस तोडली नाही की जून होते. आमच्या क्लासच्या किश्श्यांचंही तसंच आहे. म्हणून आजच तोडून देते!

समुद्रपूरजवळच्या आमच्या गावात, समाजमंदिरात, दुपारी बायकांचा कॉम्प्युटर क्लास भरतो. हिंगणघाटहून एसटीनं रुचिता मॅडम येतात आणि पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवतात. मी सातवी शिकलेली, कडेवर माझी लेक परी. परी दोन वर्षांची होऊन गेली, तरी एक शब्द बोलत नव्हती. माझा जीव टांगणीला! त्यात सासूबाईंनी बजावलं, "मशीनपुढं बसवून पोरीले मुकी करून ठेवशील. दिवाळीपर्यंत बोलली नाई, तर तुहा क्लास बंद!"

*

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "व्हेरिएबल म्हणजे डबा. या भाषेत डब्यात काय ठेवणार ते आधी सांगावं लागत नाही. आज आकडा ठेवा, उद्या नाव ठेवा."

माझ्या शेजारी बसलेल्या मंदाकाकू म्हणाल्या, "हा तं आमचा बिस्किटाचा डबा! बिस्कीट सोडून सारं निंगते."

"मग आत काय आहे ते कसं कळतं?"

"झाकण उघडून पाह्यतो ना, बाप्पा!"

"बस! type, म्हणजे ‘टाइप काय’ विचारणं, तेच. झाकण उघडून आत आकडा आहे की मजकूर ते पाहणं."

*

मंदाकाकूंनी वांग्यांचा हिशोब बनवला. सकाळचे क्रेट ५, संध्याकाळचे ६. उत्तर आलं ५६!

मॅडम म्हणाल्या, "कीबोर्डवरून आलेलं सगळं कॉम्प्युटर मजकूरच समजतो, म्हणून दोन्ही शेजारी चिकटवले. आधी आकडा करा."

काकूंनी स्क्रीनवर पदर धरला. "राहू द्या जी! एवढी वांगी माह्या वाडीत कधीच नाई झाली!"

तेव्हापासून नियमच झाला. बेरीज करायच्या आधी सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "टाइप काय?"

*

खरं-खोटं शिकवताना मॅडम म्हणाल्या, "हा टाइप दोनच उत्तरं देतो. True नाहीतर False."

काकूंनी विचारलं, "आमचे मालक कशालेही ‘पाहू’ म्हणतात. ते कुठी बसवू?"

मॅडमनी जरा विचार केला. "None. म्हणजे काहीच नाही."

"बरोब्बर! पंधरा वर्षं झाली, तेच निंगून राह्यलं!"

*

आता माझा किस्सा. ताप शंभराच्या वर गेला की ‘डॉक्टरकडे जा’ सांगणारा प्रोग्राम मी परीसाठी बनवला. थर्मामीटर माझ्या पर्समध्येच असतो. आकडा आला ९८. मी टाकला. उत्तर आलं, ‘डॉक्टरकडे जा’!

मी परीला उचललं आणि एका पायात माझी, एका पायात काकूंची चप्पल घालून थेट रस्त्यावर! मागून मॅडम धावल्या. "अगं थांब! शंभरला अवतरण चिन्ह लावलंस तू! मजकूर असला की तो पहिलाच अंक पाहतो. नऊ मोठा, एक लहान!"

काकू ओरडल्या, "टाइप विचारला होता काय?"

परी टाळ्या वाजवत होती. बोलली मात्र नाही.

*

दिवाळी आठवड्यावर आली. सासूबाईंनी ब्लाउज शिवायला घेतलं आणि बिस्किटाचा डबा पुढं ओढला. परी दुडुदुडु गेली, डब्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताइप काय?"

मी लाटणं घेऊनच बाहेर धावले. सासूबाईंनी कात्री टाकून झाकण उघडलं. "सुईदोरा, माय! सुईदोरा हाय त्यात!"

मग एका काखेत परी, एका काखेत डबा घेऊन त्या निघाल्या. आळीतल्या एकेका दारापुढं झाकण लावायच्या आणि म्हणायच्या, "विचार माय, अजून एकडाव विचार!"