गीझरची राखण

आमच्या डोंबिवलीच्या घरात गीझर लावला की तो बंद होईपर्यंत कुणीतरी त्याच्यापाशी थांबायचं, असा नियम होता. कुणीतरी म्हणजे मीच. घरात माणसं दोन, बाबा आणि मी, आणि गीझर लावून चहाला बसलं की बाबा तो साफ विसरायचे. दादा ठाण्यात घोडबंदरला राहतो. त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सोलार आहे, नळ सोडला की गरम पाणी हजर. त्यामुळे त्याला आमच्या या नियमाची गंमत वाटायची. मला तर अगदी वीट आलेला.

त्याचं असं झालेलं. आई होती तेव्हाच्या एका दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, गीझरचा थर्मोस्टॅट गेला. पाणी पुरेसं तापलं की वीज तोडतो, तो भाग. घर पाहुण्यांनी भरलेलं, निम्म्या लोकांच्या अंगाला उटणं फासलेलं आणि नळाला थंडगार पाणी. बाबा जन्मभर कारखान्यात वायरमन. मशीन थांबता कामा नये, स्पेअर येईपर्यंत डायरेक्ट करून चालवायचं, ही तिथली रीत त्यांच्या हाडात मुरलेली. त्यांनी वायरी पकडीने तोडून थर्मोस्टॅट ओढून काढला, त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळल्या आणि वरून टेप गुंडाळली. सगळ्यांना कढत पाणी मिळालं, बाबांचं भरपूर कौतुक झालं. चार दिवसांत नवीन बसवतो, असं ते आईला म्हणालेले.

पुढे आई गेली, तरी ते चार दिवस काही संपले नाहीत. डायरेक्ट केलेला गीझर स्वतःहून थांबत नाही. पाणी उकळत राहतं, वाफ कोंडते, आणि नशीब फिरलं तर टाकी फुटते. म्हणून रोज सकाळी मी तोंडात ब्रश धरून पॅसेजात त्या लाल बटणाखाली उभी. आधी बारीक सूं आवाज यायचा, मग गुरगुर सुरू व्हायची. गुरगुर सुरू व्हायच्या आत बटण बंद. एकदा मी फोनवर बोलत राहिले आणि बाथरूमभर वाफ झाली. तेव्हापासून तिथून हलायची माझी छातीच झाली नाही.

तुम्ही म्हणाल, इलेक्ट्रिशियन आणायचा ना बाई! आणलेला. बाबांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, माझ्या घरात दुसरा वायरमन कशाला म्हणून. नवीन गीझर घेऊ म्हटलं, तर याला काय धाड भरलीये, असं म्हणाले. मी नसले की पाणी गॅसवर तापवा म्हटलं, तर मान डोलवायचे आणि गीझरच लावायचे. मग मी कुठे जाणार? शहाडला मावशीकडे राहायला बोलवायचे, मी संध्याकाळी परत. मैत्रिणी कोकणात गेल्या, मी फोटो बघितले. माणसाला नोकरी असते, संसार असतो, मला गीझर होता. राग यायचा हो, आंघोळ करताना त्याच पाण्याचा राग यायचा.

अशात ऑफिसात नाशिकच्या शाखेचं निघालं. बढती होती. आधी एकदा मी नाही म्हटलेलं, बाबांची तब्येत पुढे करून. या वेळी साहेबांनी बजावलं की सोमवारी उत्तर द्या, पुन्हा विचारणार नाही. मी फक्त दादाला सांगितलं. बाबांना काय सांगणार, की तुमच्या गीझरपायी माझं आयुष्य अडलंय?

रविवारी मी ठरवलं, आपणच करायचं. लहानपणी टेस्टर धरायला बाबांनीच शिकवलेलं. कल्याणच्या बाजारातून थर्मोस्टॅट आणायचा, तर जुना नमुना दाखवायला लागणार, म्हणून मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. जुना सापडलाच. त्याच्याखाली नवा होता, खोक्यात, सील न फोडलेला. मी तो घेऊन तशीच बाहेरच्या खोलीत गेले.

"हा कधी आणलात?"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "त्याच दिवाळीत. भाऊबीज झाली आणि आणला."

"आणि बसवला नाहीत? एवढी वर्षं मला त्या पॅसेजात डांबून ठेवलंत?"

शेजारी ऐकू गेलं असणार, जाऊ दे. बाबांनी दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले. हात थरथरत होते. ते कप दोन्ही हातांनी धरतात हे मी रोज बघायचे, मला वाटायचं ऊब घेतात.

"स्क्रू धरता येत नाही गं," ते म्हणाले. "त्या पहाटेही येत नव्हता. वायरी तेवढ्या पिळता आल्या."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. मी उठले आणि लाकडी स्टूल आणलं.

बाबा बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि एकदम कारखान्यातले झाले. मेन पाडून घरातली सगळी वीज बंद करायला लावली. टेस्टर आधी दुसरीकडे चालू वायरवर तपासून घेतलेला होता का, ते विचारलं. नव्हता. परत मेन चढव, तपास, परत पाड. कोरड्या चपला घालायला लावल्या. मग फेजची वायर, म्हणजे जिच्यातून वीज येते ती, आधी थर्मोस्टॅटला, तिथून कॉइलला. थर्मोस्टॅटची कांडी नळीत पूर्ण आत गेली पाहिजे. स्क्रू ढिला राहिला तर ठिणगी पडेल, म्हणून प्रत्येक वायर मला ओढून बघायला लावली. अर्थिंगची हिरवी वायर गीझरच्या अंगाला घट्ट. टाकी भरून नळाला पाणी आल्याशिवाय मेन चढवू दिली नाही.

मग गीझर लावला आणि आम्ही दोघं त्याच्यावरच्या दिव्याकडे बघत उभे राहिलो. सूं सुरू झालं. ते वाढलं तसा माझा हात आपसूक बटणाकडे गेला. बाबांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नकोस. होऊ दे त्याचं त्याला."

त्यांची थरथर माझ्या हातात चढत होती. मग आतून टक् झालं आणि दिवा गेला.

"दादाने सांगितलंय मला," बाबा म्हणाले. "नाशिकला हो म्हण."

मी हो म्हटलं. आता नाशिकच्या खोलीत माझा वेगळा गीझर आहे, तोही आपोआप बंद होतो. रोज सकाळी बाबांचा फोन येतो. कट झाला गं, एवढंच म्हणतात आणि ठेवतात. माझं पाणी केव्हाच तापलेलं असतं. तो फोन येईपर्यंत मी आंघोळीला जात नाही.