वडगावपर्यंत बसता येईल अशी सीट

पेठ वडगावला बहिणीच्या दारात मी सायकलवरून उतरले आणि उभी राहायच्या ऐवजी शेणाच्या पाटीत बसले. बसले म्हणजे पडले. पाय जागेवर होते, पण मला ते लागत नव्हते. दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल जसा होतो, तसं कमरेखाली झालं होतं. बहीण उंबऱ्यात बसली होती. तिला आता दिसत नाही, पण पाटी उलटल्याचं तिनं ऐकलं.

"कोण पडलं गं?"

"मीच."

"मग ऊठ की."

"उठायला पाय नकोत व्हय, आक्का?"

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते. पण तिच्या सुनेनं त्याच दुपारी कोल्हापूरला माझ्या मुलाला फोन केला, आणि मी घरी पोचायच्या आत तो अंगणात येऊन उभा राहिला होता.

"आई, आनि एकदा पडलीस की सायकल भंगारात. तुझं वय काय, चालल्यायस कुठं!"

मुलगा वाईट नाही. मोटारसायकलवरून तो मला वडगावला नेतोही, दोन-तीन महिन्यांतून एकदा. तिथं गेल्यावर चहा पितो आणि लगेच "चल" म्हणतो. एसटीत मला बसवत नाही, शिरोली यायच्या आत ओकारी येते. आणि फोनवर बहीण बोलतच नाही. कानाला लावला की गप्प बसते, जणू पलीकडचं माणूस खोटं आहे. तिच्याशी बोलायचं तर तिच्या शेजारी बसावं लागतं, तिच्या मांडीवर हात ठेवून. म्हणजे सायकल गेली की बहीण गेली. हे मी मुलाला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, तो मोटारसायकलचंच बोलला असता.

सायकल मला नवी नाही. नवऱ्याच्या दांड्याच्या सायकलला किटल्या अडकवून मी कोल्हापुरात घरोघर दूध घातलंय. तेव्हा लोक वळून बघायचे. मी नऊवारी नेसते, काष्टा घालते, त्यामुळं टांग टाकून दांड्याच्या सायकलवर बसता येतं. गोल पाचवारीतल्या बायकांना ते जमत नाही. त्याचा मला तोरा होता, अजूनही आहे.

मग इतकी वर्षं बधीर झालं नाही आणि आताच का? हा प्रश्न मला सोडेना. भाकरी थापताना तोच, म्हशीला वैरण टाकताना तोच. एक कारण लगेच सापडलं. दूध घालताना दर दारात उतरायचं असतं. एका बैठकीला लांब जायची वेळच कधी आली नव्हती. वडगावला जायचं म्हणजे पंचगंगेच्या पुलावर सायकलवर बसलेली बाई वाठारपर्यंत उतरत नाही. पुलावर ठीक असतं. शिरोलीला मुंग्या येतात. वाठारला मुंग्याही जातात, मग काहीच राहत नाही.

दुसरं कारण सीट. जुनी कातड्याची सीट फाटली म्हणून मुलानं गेल्या वर्षी स्पंजची बसवून आणली होती. मी सायकल घेऊन मिस्त्रीकडं गेले. हा मिस्त्री माझी सायकल त्याच्या बापाच्या वेळेपासून ओळखतो.

"मावशी, स्पंज दबलाय. वरनं जेलचं कव्हर घाला. गादीवर बसल्यागत वाटंल."

घातलं. पुढच्या रविवारी शिरोलीच्या आधीच मुंग्या आल्या. बहिणीच्या दारात पडायला नको म्हणून मी अलीकडच्या विजेच्या खांबाला धरून उतरले आणि पाय आपटत उभी राहिले. रस्त्यानं जाणारा एक जण म्हणाला, "काय पावणं, खांब हलतोय व्हय?" मी म्हटलं, "हलत न्हाय, बघून झालं. जा तू."

मऊ केलं तर कमी व्हायला पाहिजे होतं, वाढलं कसं? घरी आल्यावर मी ते करून बघितलं. स्वयंपाकघरात आधी चौघडी गोधडीवर बसले, मग लाकडी पाटावर. गोधडीवर छान वाटलं, पण मी खाली रुतले आणि गोधडी मधून वर आली. पाटावर दोन हाडं टोचली, पण मधली जागा मोकळी राहिली. सून बघत होती.

"आत्ती, काय करायलायसा?"

"बसायला लागलेय."

"ते दिसतंय. पर उठताय, बसताय, उठताय..."

"तू भाजी बघ, करपायली."

माणूस दोन हाडांवर बसतं, हे मला इतक्या वयात तेव्हा कळलं. मांसावर बसतो असंच मी धरून चालले होते.

त्यानंतरच्या रविवारी वाठारच्या फाट्यावर चहाच्या गाड्याशी सायकलवाल्यांचा घोळका उभा होता. टोप्या घातलेले, अंगाला चिकटलेल्या चड्ड्या घातलेले. त्यांच्यात एक बाई होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिची सीट बारीक, आणि मधे लांब भोक. मी बोटानं दाबून बघितली. पाटासारखी टणक.

"ही मोडलीय का अशीच असती?" मी विचारलं.

"अशीच असते, आजी."

"ह्यावर बसून कुठनं आलीस?"

"साताऱ्याहून."

"आनि तुझी मुतायची जागा बधीर हुती का न्हाय?"

तिच्याबरोबरचे बाप्ये एकदम चहात बघायला लागले. ती लाल झाली, मग खदखदून हसली. मला बाजूला घेऊन म्हणाली, पहिल्यांदा तिचीही व्हायची. कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. वजन हाडांवर यायला पाहिजे, मधे दाब यायला नको, म्हणून ते भोक. आणि दोन हाडांत अंतर किती ते प्रत्येकीचं वेगळं असतं, त्या मापाची सीट घ्यायची. मऊ काहीतरी घेऊन त्यावर बसायचं, खळगे पडतात, ते मोजायचे.

"मऊ म्हंजे काय?"

"काहीही. ज्यावर ठसा उमटेल असं."

बेंदूर तोंडावर आला होता. बैल करायला सुनेनं चिकणमाती आणून भिजवून ठेवली होती. मी त्यातला मोठा गोळा घेतला, पाटावर भाकरीसारखा थापला, जाड ठेवला आणि त्यावर बसले. अंगभर लुगडं होतं तशीच. उठून बघितलं तर दोन गोल खळगे आणि त्यांच्या मधून एक लांब चर. खळग्यांचं अंतर मी सुतळीनं मापलं. चराकडं लक्ष दिलं नाही. तिथं हाड नाही, म्हणजे तो माझ्या कामाचा नाही, असं मला वाटलं.

"आत्ती, बैलांची माती हाय ती!"

"तुझं बैल हुतील उरल्यालीत. दोन कमी कर."

"आनि हे काय करू? ह्याचीबी पूजा करायची?"

"कर. माझंच हाय, नवस बोल."

तिनं तोंडाला पदर लावला आणि ती मातीची भाकरी उचलून मागच्या भिंतीवर वाळत ठेवली.

सुतळी घेऊन मी मिस्त्रीकडं गेले. त्यानं दुकान उपसलं. कुणा कॉलेजच्या पोरीनं बदलून टाकलेली एक भोकाची सीट निघाली. सुतळी तिच्यावर बरोबर बसली.

"मावशी, चांगली गादी काढून भोकाची बसवताय. लोकं मला नावं ठेवतील."

"लोकांना बसायचं न्हाय तिच्यावर."

त्या रविवारी मी खुशीत निघाले. शिरोली गेली, काही नाही. महामार्गाच्या कडेच्या रस्त्यानं मोकळी चालले होते. वाठारच्या अलीकडं मुंग्या सुरू झाल्या. आधीपेक्षा उशिरा, पण झाल्याच. पुन्हा तो खांब. बहिणीपाशी बसले तेव्हा तिनं माझ्या पायावर हात फिरवला.

"थरथरायलाय पाय तुझा."

"चालवून आलेय न्हवं."

"खोटं बोलू नगंस. पुढच्या येळंला येणार हाईस का न्हाय, तेवढं सांग."

मी येणार म्हटलं. पण कशी ते मला माहीत नव्हतं. परत येताना पुलावर उतरून मी बराच वेळ त्या सीटकडं बघत राहिले. माप बरोबर, सीट टणक, मधे भोक. मग दाबतंय कोण?

संध्याकाळी मागच्या दारी पाय धुवायला गेले. भिंतीवर माझी मातीची भाकरी वाळून पांढरी झाली होती. खळगे तसेच होते आणि चरही. ऊन आडवं पडलं होतं, त्यामुळं चराच्या आत काहीतरी नक्षी दिसली. मी जवळ जाऊन बघितलं. बारीक बारीक त्रिकोण, ओळीनं. ते माझ्या लुगड्याच्या काठावरचे होते. मी हात मागं नेला आणि काष्टा चाचपला. नऊ वारांतला निम्मा कपडा चुणून, पिळून, दोन्ही पायांमधून मागं ओढून खोचलेला असतो. चांगला अंगठ्याएवढा जाड दोर. मी भोकाची सीट बसवून घेतली आणि त्या भोकावर स्वतःच दोर आणून ठेवला.

ज्या काष्ट्यामुळं मला सायकलवर बसता आलं, तोच मला खाली पाडत होता. मला राग आला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी सुनेला हाक मारून ते त्रिकोण दाखवले. ती म्हणाली, "अगंबया!" आणि मग म्हणाली, "आता काय, पाचवारी?"

पाचवारी साखळीत जाणार. काष्टा सैल सोडून बघितला, गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तो चाकाकडं निघाला. मग मी मुलाची जुनी ट्रॅकपँट काढली, पायाशी दुमडली, वरून नवऱ्याचा ढगळ शर्ट घातला. तो जाऊन बरीच वर्षं झाली, शर्ट ट्रंकेत नुसता पडून होता. लुगडं घडी करून पिशवीत, पिशवी हँडलला.

गल्लीत कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांनी मान वळवली. एक म्हणाला, "पैलवान निघालं!" दुसरा म्हणाला, "कुठल्या तालमीचं?" मी घंटी वाजवली आणि गेले. मुलगा दारात उभा होता. तो माझ्या अंगावरच्या त्याच्या ट्रॅकपँटकडं बघत राहिला.

शिरोली गेली. वाठार आलं. मी मुंग्यांची वाट बघत होते, अगदी लक्ष देऊन, पावण्यांची बघावी तशी. फाटा वळून आत शिरले तरी नाहीत. दोन हाडं दुखत होती, चांगली दुखत होती. दुखतंय म्हणजे ती माझी आहेत. खांब आला, तो मी सोडून दिला.

बहिणीच्या दारात तिची सून, शेजारच्या दोघी आणि बहीण अशा सगळ्या बाहेर बसल्या होत्या. मी टांग टाकली, पाय टेकला, दुसरा टेकला आणि उभी राहिले.

"आलीस?" बहिणीनं विचारलं.

"आले."

"पडली न्हाईस?"

"न्हाय."

"काय गं! ह्या बायका कवापासनं बघायला बसल्यात."

तिनं हात पुढं केला, माझा गुडघा चाचपला, मग वर मांडीपर्यंत हात नेला आणि थांबली.

"लुगडं कुठं हाय तुझं?"

"पिशवीत."

"मग हे काय नेसलंयस?"

"बस, सांगते," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसले. उंबरा टणक आहे. त्यावर मला आता बराच वेळ बसता येतं.