पंधरवड्यात खरेदी नको

त्या वर्षी मी भेटेल त्याला कारणं सांगत सुटलो होतो. आखातात जमिनीखाली संपता न संपणारा गॅस, पगारावर कर नाही, दर महिन्याला नवा टॉवर. कॉलेजचा एक मित्र तिथे होता. त्याच्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केला की राहण्याचा परवाना मिळणार होता. बायको-मुलीला हेन्डरसन उपनगरातल्या भाड्याच्या घरात ठेवून मी तीन-चार वर्षं तिकडे नोकरी करायची, असा बेत होता. न्यूझीलंडमध्ये माझं सगळं फार सावकाश चाललंय, या विचाराने मी बसल्या जागी तडफडत होतो.

बायकोचा नन्नाचा पाढा होता. बाबा मात्र माझ्या बाजूने असतील असं मी धरून चाललो होतो. माझ्या लहानपणी ते आखातातल्या रिफायनरीत नऊ वर्षं फिटर होते. त्याच पैशांवर माझं इंजिनिअरिंग झालं. आता सहा महिन्यांसाठी ते आमच्याकडे राहायला आले होते.

मी सही करायला फॉर्म काढला, तर बाबांनी पुण्याहून आणलेल्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "पितृपक्ष चालू आहे. पंधरवड्यात खरेदी नको."

मला हसूच आलं. घरात सत्यनारायण असला तरी हे पेपर वाचत बसायचे. पण वडील समोर बसलेले असताना पितरांच्या पंधरवड्यात सही करायला माझा हात धजेना. मित्राचे फोन येत होते, फ्लॅट संपत आले होते. मी दिवसातून चारदा डेअरीपर्यंत चक्कर मारून यायचो, दूध घरात असलं तरी. लेक विचारायची, "डॅड, आर यू कमिंग टु द पूल्स?" मी म्हणायचो, नंतर. शेवटी ती विचारायची थांबली आणि आजोबांना घेऊन पोहायला जायला लागली.

सर्वपित्री अमावास्या झाली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी सकाळीच पेन घेऊन बसलो. "झालं ना आता तुमचं? करू सही?"

"कर की," बाबा म्हणाले. "मी कुठे मानतो ते. तुला जरा थांबवायचं होतं." मग फॉर्मकडे बघतच, "मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो तेव्हा तू चार वर्षांचा होतास. दार तूच उघडलंस. आत वळून आईला म्हणालास, कोणी काका आलेत."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मला राग आला, आधी का नाही बोललात म्हणून, आणि रडूही आलं.

पेन तिथेच टाकून मी लेकीच्या खोलीत गेलो. म्हटलं, "पोहायचे टॉग्ज घे, पूलवर जाऊ."

ती म्हणाली, "इट्स ओके, डॅड. आजोबा इज टेकिंग मी."