पाठ फिरवून बसलेलं घर

तलवाड्यात मेंढरं राखणाऱ्या सिदूची लेक सुकन्या अंबाजोगाईला शिकून इंजिनिअर झाली आणि घरी येऊन जगभरच्या हौशी मंडळींच्या नादाला लागली. ही मंडळी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टिम बांधतात, कुणालाही फुकट वापरता येणारी. पगार छदाम नाही, भांडणं मात्र रग्गड! एकाच वेळी धावणाऱ्या अनेक कामांनी, म्हणजे थ्रेडांनी, एकमेकांच्या पायात पाय घालू नये हे पाहते ती थ्रेडिंग लायब्ररी. सुकन्येनं घरी बसून करायची नोकरी सांभाळून दोन वर्षं खपून ती नव्यानं लिहिली.

आणि ही नवी लायब्ररी अडकायला लागली. रोज नाही, कधीतरी. एकीच्या हातात दोर, दुसरीच्या हातात बादली आणि विहिरीवर दोघी 'आधी तू दे' म्हणत उभ्या, तसे दोन थ्रेड एकमेकांची वाट बघत थिजायचे. प्रकल्पाच्या प्रमुख, पोर्तुगालच्या इनेसबाईंनी कळवलं, सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर जुनीच लायब्ररी राहील.

रविवारी सकाळपासून ती चाचणी चालवत होती. कोण कुठं पोचलं ते पडद्यावर छापायला सांगितलं की चूक गायब. पहाऱ्याला दुसरा प्रोग्रॅम बसवला, तरी गायब. या जास्तीच्या कामानं मशीनची चाल जराशी बदलायची आणि नेमकी टक्कर चुकायची. काही न छापता चालवावं, तर चाचणी चाललीय की थिजलीय हेच कळेना.

"माय, बघितलं की ती येतच न्हाई गं," सुकन्या रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मंग बघू नगं," तिच्या आईनं, सारजाबाईनं निकाल दिला. तिनं स्वतः लॅपटॉपकडं पाठ केली आणि नवऱ्यालाही खांदा धरून भिंतीकडं वळवलं. सुकन्येला हसू फुटलं. असं नसतंय हे समजावण्याचं त्राण नव्हतं, म्हणून छापणं बंद करून तीही पाठ फिरवून बसली. तिघं भिंतीकडं तोंड करून गप्प. मागं लॅपटॉपचा पंखा घरघरत होता.

पंखा! सुकन्या ताठ झाली. थ्रेड राबतायत तोवर मशीन तापणार आणि पंखा ओरडणार. सगळे थिजले की तोही गप्प होणार. बघायचं कशाला, ऐकायचं!

"कुणी बोलायचं न्हाई," तिनं फर्मान काढलं. शेजारची भिवराबाई विरजण मागायला आली, तर तिलाही तोंडावर बोट ठेवून भिंतीकडं बसवलं. "कुनी गेलं का काय?" भिवराबाई कुजबुजली. सिदूनं डोळे वटारले. हसू दाबता दाबता सारजाबाईचे खांदे गदगदत होते.

घरघर हळू झाली. आणखी हळू. मग थांबली.

"अडकलं! काकू, अडकलं!" सुकन्येनं भिवराबाईला ओढून गरागरा फुगडी घातली.

"आगं, मंग रड की! नाचतीस काय?" भिवराबाईला धाप लागली.

थिजलेला प्रोग्रॅम आता पळून जाणार नव्हता. सुकन्येनं तो निवांत उघडला. एका जागी आधी दोर मग बादली, दुसऱ्या जागी आधी बादली मग दोर, असं लिहिलेलं. आणि लिहिणारी कोण? स्वतः सुकन्याबाई! दोन ओळींची अदलाबदल केली, चाचणी पुन्हा लावली. या वेळी पंखा दिवस मावळेपर्यंत ओरडत राहिला. चहा झाला, भिवराबाई विरजण न घेताच घरी गेली, मेंढरं वाड्यात शिरली, तरी तो ओरडतच होता. सुकन्येनं दुरुस्ती पाठवली आणि इनेसबाईंचा निरोप आला, लायब्ररी आत घेतली. सुकन्येचा आनंद मावेना. तिनं आईच्या गळ्यात पडून तिचा पदर ओला केला.

सिदू उठला, पटका बांधायला लागला.

"आबा, कुटं निघाला?"

"पारावर. लोक इचारत्यात, तुजी लेक येवढी शिकून घरी कावून बसली? आज सांगतो त्यांना."

"काय सांगनार?"

सिदूनं पटक्याचं टोक खोचलं. "सांगतो, साता समुद्रापल्याड कुनाचं काम अडकलं, तर ते माजी सुकन्या सोडवती."

"आवो आबा, पन अडकवलं बी मीच हुतं!"

"त्ये कावून सांगू?" म्हणत सिदू पायताण चढवून निघालासुद्धा.