बाकांवरची गार हवा

मास्तरांचा शाळेशी संबंध आठवीतच संपला होता, पण मॉलच्या तळघरात बावीस वर्षं सगळे त्यांना मास्तरच म्हणत. तिथला चिलर, म्हणजे अख्ख्या इमारतीची हवा गार करणारं ते खोलीएवढं धूड, त्यांच्या ताब्यात होतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ते कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगत. या कौतुकापायी डावा कान जवळजवळ कामातून गेला. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी खोड जाईना. कुठेही गेले की आधी मान वर, नजर छतातल्या जाळ्यांवर. "लग्नात लोक नवरा-नवरी बघतात, आमचे हे जाळ्या बघतात," असं बायको चारचौघांत सांगायची, आणि मास्तर तेव्हाही छताकडेच बघत असायचे.

त्या दिवशी सकाळी दहाला गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. "संध्याकाळपर्यंत येईल लाइट," असं वायरमन म्हणाला आणि गेला. वायरमनची संध्याकाळ नेमकी कधी होते हे आजवर कोणाला कळलेलं नाही. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. अकरा वाजता मास्तरांनी भिंतीला तळहात लावला आणि लगेच काढून घेतला.

दुसऱ्या कोणाचं ओला टॉवेल अंगावर घेऊन भागलं असतं. मास्तरांच्या बायकोचं भागणार नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तिला उष्माघात झाला होता आणि चार दिवस तिने डोळे उघडले नव्हते. घरी सोडताना डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेतलं. "यांचं शरीर आता उष्णता झेलत नाही. आधी जीभ जड होईल, मग झोप येईल. झोप आली की समजा, हातात फार वेळ नाही." तेव्हापासून जरा उकडायला लागलं की मास्तर तिला तिच्या माहेरचा जुना फोन नंबर म्हणायला लावत. जीभ अडखळते का ते बघायला.

"दोन पाच सात आठ शून्य तीन," ती आताही फणकाऱ्याने म्हणाली. "झालं समाधान? नंबर बंद पडून दहा वर्षं झाली, आणि तुम्ही रोज लावताय."

परगावच्या लेकीचा फोन आला. "बाबा, वाट कसली बघताय? आईला घेऊन सरळ मॉलमध्ये जा."

प्रश्न एवढाच होता की कुठल्या. गावात तीन मॉल. नदीपलीकडचा तासाभराच्या अंतरावर, म्हणजे वाटेतच घात. दुसरा काचेचा, दहा मिनिटांवर. आणि तिसरा मास्तरांचा स्वतःचा, वीस मिनिटांवर.

"काचेच्या मॉलला जाऊ," बायको म्हणाली. "जवळ आहे, बसायला सोफे आहेत."

"छप्पर काचेचं आहे त्याचं. दुपारी आत भाजी शिजेल."

"मग तुमच्या मॉलला चला. बावीस वर्षं त्याचं गुणगान ऐकतेय, अजून मी दारसुद्धा पाहिलं नाही. माणसं बायकोला ऑफिस दाखवतात, तुम्ही मला त्या रस्त्याने पण नेत नाही."

मास्तर एकदम म्हणाले, "काचेच्याच मॉलला जाऊ." बायको बघतच राहिली. आत्ता तर नावं ठेवत होते.

टॅक्सीने तिथे पोचेपर्यंत साडेअकरा झाले. दारातून आत शिरताच मास्तरांनी जाळीखाली हात धरला. हवा येत होती, पण तिला धार नव्हती, नुसता वारा. सगळ्या भागातच विजेची बोंब होती, म्हणजे जनरेटरवर कसाबसा एक चिलर ओढत असणार. बायको सोफ्यावर टेकून "काय छान आहे हो!" म्हणते न म्हणते तोच मास्तरांनी तिला दंडाला धरून उठवलं.

"अर्ध्या तासात इथे भट्टी होईल. ऊठ."

"अहो, आत्ता तर बसले."

"ऊठ म्हणतो ना!"

आता जाणार कुठे? आपल्याच मॉलला. टॅक्सीच्या खिडकीतून झळा येत होत्या, बायको पदराने तोंड पुसत होती, आणि मास्तर सारखे घड्याळ बघत होते. घाई नुसती उन्हाची नव्हती.

त्यांच्या मॉलमध्ये तळमजल्यावर मधोमध मोठा चौक आहे आणि चौकात अठरा बाक. उन्हाळ्यात दुपारी तिथे रिकाम्या हातांची माणसं येऊन बसत. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बायका, सामान पोचवणारी माणसं. घ्यायचं काही नाही, नुसतं गार व्हायचं. हाकलून दिलं तर बोभाटा होणार. म्हणून चौदा वर्षांपूर्वी मॅनेजर स्वतः तळघरात उतरला आणि गोड आवाजात म्हणाला, "मास्तर, हवाच अशी करा की त्यांना आपणहून उठावंसं वाटेल."

मास्तरांनी युक्ती काढली. बाकांवर हवा सोडणाऱ्या पत्र्याच्या नळात एक डँपर होता, म्हणजे लोखंडी झडप. तिला त्यांनी पाइपाचा तुकडा जोडून दांडा केला. दोनला दांडा खाली, चारला वर. दुकानं गार, बाक तेवढे कोरडे. टेबलावर कॅमेऱ्याचा पडदा होता, त्यावर बाक दिसत. पंधरा मिनिटांत जागा साफ! मॅनेजरने पाठ थोपटली, आणि खरं सांगायचं तर मास्तरांना तेव्हा आपल्या डोक्याचा अभिमानच वाटला. घरी येऊन ते नटबोल्टांच्या सुद्धा गोष्टी सांगत. ही तेवढी त्यांनी कधी सांगितली नाही. बायको एखाद्या दुपारी तिथे बसली असती, माणसं भराभर उठताना पाहून "हे का हो चाललेत?" म्हणाली असती, तर? म्हणून ती वाटच नको.

टॅक्सीत त्यांनी हिशेब मांडला. बाराला पोचू. दोनच्या आत बाकावरून हलायचं. पावणेदोनला हिला पहिल्या मजल्यावरच्या चपलांच्या दुकानात नेऊ. तिथे पायात घालून बघायला खुर्च्या आहेत आणि त्या दुकानाचा नळ वेगळा आहे. चारपर्यंत चपला घालून बघायच्या.

"तुला चपला घेऊ या आज," ते म्हणाले.

"माझ्याकडे तीन जोड आहेत."

"चौथा घेऊ."

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि असं वाक्य तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मॉलच्या मागे वळसा घालून मास्तरांनी आधी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरची वाफ बघून घेतली. पांढरी, दाट. दोन्ही चिलर चालू. वीजही शाबूत होती. आत शिरताच अंगावर गारवा आला आणि बायकोच्या तोंडून "हुश्श!" निघालं. तिला त्यांनी बरोबर जाळीखालच्या बाकावर बसवलं. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, पलीकडे मांडीवर बाळ घेतलेली एक बाई, समोर हेल्मेट मांडीवर ठेवून पेंगणारे पार्सलवाले दोघं.

"एवढं सुंदर ठेवलंत तुम्ही हे सगळं," बायको छताकडे बघत म्हणाली. "आणि मला म्हणे, काय आहे तिथे बघण्यासारखं!"

मास्तरांना कुठे बघावं कळेना. तिने न सांगताच फोन नंबर म्हणून दाखवला, घडाघडा, आणि हसली. मग एकला पाच मिनिटं असताना ते दुकानातल्या खुर्च्या जागेवर आहेत का बघायला वर गेले. खुर्च्या होत्या, पण सहाच्या दोन झाल्या होत्या आणि दोन्हींवर गिऱ्हाईक. विक्रेत्या मुलीला आजारी बायकोचं समजावून तिचा होकार मिळवेपर्यंत वीस मिनिटं गेली.

सरकत्या जिन्याने खाली येताना मास्तरांच्या उजव्या कानाला काहीतरी कमी वाटलं. जाळीची ती बारीक सळसळ. ती येत नव्हती. त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वा एक. दोन नव्हे, सव्वा एक! पार्सलवाले हेल्मेट उचलून दाराकडे निघाले होते. बाळाची आई पिशवी खांद्याला लावत होती.

 चालत्या जिन्यावरून पळत ते बाकापाशी आले. बायकोचा चेहरा लालबुंद झाला होता आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"नंबर सांग. ऐकलंस का? माहेरचा नंबर!"

"दोन... पाच..." तिची मान कलली. "झोप येतेय हो."

"आजोबा, इथे झोपायची परवानगी नाही," गार्ड येऊन म्हणाला.

"अहो, तिला उष्माघात होतोय! ॲम्ब्युलन्स बोलवा!"

गार्डने धावाधाव करून फोन लावला. अर्धा तास, असं उत्तर आलं. तिला उचलून एखाद्या गार दुकानात नेणं एकट्या मास्तरांना झेपणार नव्हतं, आणि गार्ड ॲम्ब्युलन्सला वाट दाखवायला दाराकडे धावला होता. शेजारच्या म्हातारबाबांनी आपली पाण्याची बाटली तिच्या डोक्यावर रिकामी केली आणि त्यांच्या बायकोने वर्तमानपत्राने वारा घालायला घेतला. "तुम्ही काय करायचं ते करा," ती मास्तरांना म्हणाली, "यांच्यापाशी मी आहे."

काय करायचं ते मास्तरांनाच ठाऊक होतं. मागच्या जिन्याच्या त्रेचाळीस पायऱ्या ते कशा उतरले, देव जाणे. चिलरच्या खोलीचं दार त्यांनी मुठीने बडवलं. दार उघडलं ते मिशीवाल्याने. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस, मिशा आता पांढऱ्या झालेल्या.

"अहो, मास्तर! या, या! काय नशीब आज!" त्याने खुर्ची पुढे ओढली. चिलरच्या घरघरीत त्याला मास्तरांची धाप ऐकू आली नाही. "बघा, तुमची शाळा अजून चालू आहे. नवीन साहेबांनी वेळ तेवढी वाढवली. ऊन वाढलं ना, लोक लवकर येऊन बसतात, म्हणून एकलाच बंद." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "आज पण सगळे उठले. ही तीन म्हातारी माणसं तेवढी वारा घालत चिकटलीत. या एकीने तर झोपेचं सोंग घेतलंय. अजून दहा मिनिटं, मग बघा कशी उठते."

पडद्यावर बोटाएवढी दिसत होती ती. मान खांद्यावर पडलेली.

"ती माझी बायको आहे," मास्तर म्हणाले.

मिशीवाल्याचं बोट तसंच पडद्यावर राहिलं. त्याने तिला कधी पाहिलंच नव्हतं, तर ओळखणार कसा? "मास्तर, मला काय माहीत... पण झडप उघडली की आता साहेबांच्या मोबाइलवर दिसतं."

"दिसू दे."

दांडा मास्तरांनीच वर ढकलला. तो अर्ध्यावर अडला. मिशीवाल्याने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग पुढे होऊन आपलाही खांदा लावला. वर नळात धाडकन आवाज झाला. हवा बाकापर्यंत पोचायला तीन मिनिटं लागतात, हे मास्तरांना पाठ होतं, पण तीन मिनिटं एवढी लांबलचक असतात हे त्यांना त्या दिवशी कळलं. गार पाण्याच्या पाइपाखालच्या ट्रेमध्ये त्यांनी टॉवेल भिजवला आणि तो तसाच ठिबकत घेऊन वर धावले. टेबलावरचा फोन वाजायला लागला होता. मिशीवाला दांड्याला धरून उभा होता आणि फोन उचलत नव्हता.

टॉवेल मानेवर, पाणी तळव्यांवर, वरून हवेचा झोत. दहा मिनिटं गेली. मास्तरांनी आयुष्यात एवढा धीर कधी धरला नव्हता आणि एवढे रडलेही नव्हते. मग तिच्या पापण्या हलल्या आणि ती स्पष्ट आवाजात म्हणाली, "अहो, माझे कपडे भिजवलेत की सगळे."

ॲम्ब्युलन्स आली, त्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, सुई टोचली. "थोडक्यात वाचल्या. तासभर इथेच गार हवेत राहू द्या," म्हणाले. एव्हाना बाक पुन्हा भरायला लागले होते. बाळाची आई दारापासूनच परतून आली होती.

"खाली जाऊन काय केलंत?" बायकोने विचारलं.

"हवा सुरू केली."

"बंद कोणी केली होती?"

मिशीवाल्याचं नाव सांगता आलं असतं. साहेबांचं सांगता आलं असतं. मास्तर तिच्या पायांशी फरशीवर बसले होते, तिथूनच त्यांनी सगळं सांगून टाकलं. मॅनेजर, दांडा, पडदा, चौदा उन्हाळे.  ती ऐकता ऐकता, बाळ मांडीवर झोपलेल्या त्या बाईकडे बघत राहिली.

"म्हणजे ही अशी माणसं रोज उठून जायची?"

"हो."

"एवढ्या उन्हात कुठे जायची?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. माणसं उठताना त्यांना दिसायची, दाराकडे जाताना दिसायची. त्यापुढचं त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.