खाली जागा सोडू?

"खाली जागा सोडू?"

हा प्रश्न त्याने विचारला नाही असं गिऱ्हाईक माझ्या पाहण्यात नाही. दारावर लावायची पाटी टेबलावर ठेवायची, उजव्या हाताची दोन बोटं जोडून तिच्या खालच्या कडेशी आडवी धरायची आणि मान जराशी कलती करून विचारायचं. दोन बोटं म्हणजे एका नावाची जागा. पुढेमागे घरात कुणी आलं, तर नवी पाटी करायला नको. नुसती अक्षरं चिकटवली की झालं.

उल्हासनगरात त्याचं नावाच्या पाट्यांचं दुकान होतं. लाकडी पाट्या, अ‍ॅक्रिलिकच्या, आतून दिवा लागणाऱ्यासुद्धा. गिऱ्हाईक बरंचसं सिंधी. एकदा मी तिथे असताना केस पांढरे झालेले एक शेठ बायकोला घेऊन आले. याने बोटं आडवी धरली. "साईं, नीचे जगह छोड़ूं?" बाई पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. शेठ मात्र गंभीरपणे म्हणाले, "दो की छोड़ो. बेटे की शादी है." हा इतका खूश झाला, जणू लग्न याच्याच घरी आहे.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या या माणसाचं नाव काय? ते मी सांगणार नाही. त्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव माझ्या समोरच्या दारावर चांगली काही वर्षं होतं, तेवढं पुरे.

आमची इमारत बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. मी तिथली सेक्रेटरी, म्हणजे टाकीत पाणी चढलं नाही की जिची बेल वाजते ती. हे जोडपं राहायला आलं तेव्हा लग्न नवं होतं. सामान अजून जिन्यातच आणि हा ड्रिल घेऊन पाटी लावण्यात गुंग. सुरेख पाटी होती. वर त्याचं नाव, त्याखाली तिचं, आणि त्याच्याखाली नुसतंच लाकूड.

"अरे, खालचं नाव गळून पडलं की काय?" मी विचारलं.

"गळलं नाही काकू, यायचंय."

आतून, खोक्यांच्या ढिगामागून आवाज आला, "काकू, त्याची वाट बघत बसू नका हं!"

मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा. पण ती थट्टा नव्हती. त्याला मूल हवं होतं, तिला नको होतं, आणि दोघंही हे चारचौघांत अगदी हसत हसत सांगत. ती अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. कारण विचारलं की म्हणायची, "कारण काय असायला पाहिजे? तुम्हाला कारलं का आवडत नाही, विचारते का मी?" तिला कारण नसलं तरी इमारतीतल्या बायकांनी तिच्यासाठी भरपूर शोधून ठेवली होती, थायरॉइडपासून पत्रिकेपर्यंत. पत्रिका त्या घरात कुणी कधी पाहिलीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मी एकदा म्हटलं, "अगं, पुढे सोबत नको का?" तर माझ्या दाराकडे बोट दाखवून म्हणाली, "काकू, तुमच्या पाटीवर चार नावं आणि दूध येतं अर्धा लिटर." खरंच होतं ते. मिस्टर गेले, मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात. रागवावं असं मनात आलं, पण हसूच आलं.

त्यांचं खरं भांडण चाले ते त्या पाटीवर. एका सकाळी रिकाम्या जागेत स्टिकर दिसला, 'कुत्र्यापासून सावध'. कुत्रा कुठेच नव्हता. कुरियरवाला पाटी वाचून जिन्यातूनच ओरडला, "मॅडम, कुत्रा बांधा!" आणि माझं पार्सल परत घेऊन गेला. संध्याकाळी दुकानातून आल्यावर याने फडक्याला थिनर लावलं आणि स्टिकर पुसून काढला. मग काही दिवसांनी तिथे 'जागा भाड्याने देणे आहे'. हा तर कहर होता, कारण बदलापुरात असली पाटी दिसली की एजंट तिचा वास काढत येतात. दोघे येऊनही गेले. त्याने पुन्हा थिनर काढलं.

"काकू, सोसायटीतर्फे एक नोटीस काढा ना हिला," तो म्हणायचा.

"नवराबायकोच्या भांडणावर नोटीस निघत नाही," मी म्हणायची. खरं सांगायचं तर पुढचा स्टिकर कोणता, याची मलाच उत्सुकता असायची.

रविवारी विहारातून परस्पर त्याची आई यायची, पांढऱ्या साडीत. आत जाण्याआधी पाटीखालच्या त्या कोऱ्या लाकडावरून हात फिरवायची आणि मला म्हणायची, "आमच्या टायमाला दारावर पाटी नव्हती बाय, पण पोरं पाच होती." सून आतून चहा आणून द्यायची, वर दोन बिस्किटं जास्त. सासूसुनेचं तसं बरं होतं.

हे सगळं असंच हसण्यावारी चाललं असतं. पण माझ्या भाच्याने बेलवलीत फ्लॅट घेतला आणि त्याची पाटी मी याच्याकडे करायला टाकली. रविवारी दुपारी हा लाकूड दाखवायला आला. याची बायको माझ्याकडे चहाला बसलेलीच होती. याने बोटं आडवी धरली.

"काकू, खाली जागा सोडू?"

"मला काय विचारतोस? भाच्याला आणि त्याच्या बायकोला विचार."

"तेही खरंच. ज्याची पाटी त्यालाच विचारायला पाहिजे."

तिने कप खाली ठेवला. "आपल्या पाटीच्या वेळी मला विचारलं होतंस?"

तो हसला. ती हसली नाही.

"सगळ्या उल्हासनगरला विचारतोस. त्या म्हाताऱ्या शेठलासुद्धा विचारलंस. मला नाही विचारलंस."

"अगं, तुला काय विचारायचं? तू नाहीच म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस?"

तो हातातल्या लाकडावरून बोट फिरवत राहिला.

"लग्नाच्या आधी सांगितलं होतं मी तुला, स्पष्ट. तू हो हो म्हणालास. मला वाटलं, चला, याला कळलं. आणि तू जाऊन जागा सोडलीस."

"मला वाटलं, पुढेमागे बदलेल तुझं मन."

"तेच ना. ते स्टिकर मी मजा म्हणून नव्हते लावत रे."

मी बिस्किटांचा डबा उघडला आणि पुन्हा लावून टाकला. दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन अंबरनाथला, माहेरी गेली.

मग सल्ले सुरू झाले. त्याच्या आईनेही, रडत रडतच, "सोडून दे तिला, दुसरी बघू, अजून वय आहे तुझं" असं सांगितलं. हा माझ्याकडे येऊन बसला. दाढी वाढलेली, शर्ट कालचाच.

"काकू, मला मूल हवंय. खोटं कशाला बोलू? आत्ताही हवंय. पण तिला काढून तिच्या जागी दुसरं कुणी आणायचं आणि मग ते मूल? तसं नकोय मला. ती घरात नसेल तर त्या पाटीला काय चाटायचंय?"

त्या दिवशी मी त्याची काहीच थट्टा केली नाही.

त्याने तिला फोन केला. फक्त एवढंच म्हणाला, की नवी पाटी करतोय, ऑर्डर द्यायला ये. आली. सकाळची वेळ, माझं दार उघडं होतं, आणि सेक्रेटरीने ते लावून घ्यावं असं काही कारण नव्हतं. जुनी पाटी त्याने काढून भिंतीला टेकवली होती. स्वतः जिन्याच्या पायरीवर बसला होता, मांडीवर कोरं लाकूड, डाव्या हातात पुसायचा फडका. ती समोर उभी राहिली. त्याने दोन बोटं खालच्या कडेशी आडवी धरली आणि दुकानातल्या आवाजात विचारलं,

"मॅडम, खाली जागा सोडू?"

ती त्या बोटांकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही त्याचं मन राखायला हो म्हणते.

"नको," ती म्हणाली. "विचारलंस म्हणून सांगते. खरंच नको."

"बरं." त्याने बोटं मिटली. त्याचे डोळे भरून आले, आणि पुसायला त्याने घेतला नेमका हातातला फडका.

"अरे, थिनर आहे त्याला!" ती किंचाळली आणि पाणी आणायला आत धावली. मग त्याच पायरीवर बसून तिने त्याचे डोळे धुतले. दोघंही रडत होते. त्यात थिनरचं किती आणि बाकीचं किती, हे मला सांगता येणार नाही.

"मग अक्षरं मोठी करू?" लाल डोळ्यांनी त्याने विचारलं.

"कर. आणि माझं नाव वर घे."

नव्या पाटीवरची अक्षरं सोसायटीच्या नियमापेक्षा ठळक होती. नियमावर सही माझीच होती, पण मी काणाडोळा केला. त्याची इच्छा त्या दिवशी विरून गेली, असं मात्र समजू नका. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाच्या नामकरणाला तो बाळ हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभा होता. त्याच्या खांद्यावरची पिशवी तिने स्वतःकडे घेतली आणि त्याच्याजवळ उभी राहिली.

पुढे तिच्या कंपनीने तिला चाकणला पाठवलं. याने उल्हासनगरचं दुकान आवरलं आणि तिच्याबरोबर निघाला. "पाट्या काय काकू, दारं आहेत तिथे लागतातच," म्हणाला. जायच्या आधी दोघं माझ्याकडे आले. त्याच्या हातात कोरं लाकूड होतं.

"तुमची पाटी फार जुनी झाली. करून देतो. नावं सगळी ठेवू?"

"ठेव. कुणाचंही काढायचं नाही."

सवयीने त्याची दोन बोटं खालच्या कडेशी गेली आणि मध्येच थांबली. माझी साठी उलटलेली. त्याने हात मागे घेतला.

"विचार की," ती मागून म्हणाली. "न विचारता कसं ठरवतोस?"

तो ओशाळला. बोटं पुन्हा आडवी धरली.

"काकू, खाली जागा सोडू?"

"सोड," मी म्हटलं. "दोन नावांची सोड. तुमची दोघांची."

त्याने मान खाली घातली आणि बोटं एकाखाली एक दोनदा ठेवून माप घेतलं. ती माझ्याकडे न बघता माझ्या खिडकीतल्या तुळशीची पिवळी पानं खुडत राहिली.

समोरच्या दाराला आता स्क्रूची चार भोकं आहेत. नव्या भाडेकरूंनी पाटी लावलेली नाही. परवा कुरियरवाला आला, तोच, कुत्र्याला घाबरणारा. माझ्या दारावरचं कोरं लाकूड पाहून म्हणाला, "काकू, खालची नावं गळून पडली काय?"

"गळली नाहीत रे," मी म्हटलं. "यायची आहेत."