लपलेलं नाव

आमच्या भाऊजींइतकी भुतावर माया करणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल; आणि ते भूतही पिंपळावरचं नव्हे, कॉम्प्युटरमधलं. भाऊजी म्हणजे यजमानांचे मावसभाऊ. नव्वदच्या आसपास त्यांनी जळगावात कॉम्प्युटर क्लास काढला, आणि मी, दोन लेकरांची आई, स्वतःला फार हुशार समजून तिथे शिकायला गेले. पहिला धडा ठरलेला: यंत्र ज्या प्रणालीवर चालतं ती मुळात लिहिली एकाने, तिच्यावर बेतून दुसरी केली दुसऱ्याने आणि जगभर आपल्या नावाने खपवली तिसऱ्याने. तज्ज्ञांत यावर वाद होता, भाऊजींच्या मनात नव्हता. "पहिल्याने आपलं नाव आत लपवलंय, वहिनी. नेमकी बटणं दाबली की वर येईल." मेच्या दुपारी वाळ्याचे पडदे सोडून ते अंधारात तासन्‌तास बटणं दाबत. हिरवी अक्षरं उमटण्याआधी फ्लॉपी खरखरे, तेव्हा कुणी बोलायचं नाही. "गप! तो पहिला घसा खाकरतोय." त्या उकाड्यातही माझ्या अंगावर काटा येई.

आणि माझी अक्कल पाहा! यंत्र सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलीत मी इंग्रजी अक्षरांत गुपचूप एक ओळ घुसडली: 'मी इथेच आहे.' वाटलं, भाऊजी हसतील. ते उठून उभे राहिले, चपला काढल्या, डोळ्यांना धार लागली. "आता त्याचं नाव लागेल," म्हणाले, आणि रविवारी सगळ्यांना दाखवायचं ठरवलं. त्यांना वेड्यात काढणाऱ्या त्यांच्याच सासऱ्यांनाही धुळ्याहून बोलावलं.

खरं सांगायचा धीर होईना, म्हणून शनिवारी मी ओळ पुसली. रविवारी पंधरा माणसं काळ्या काचेकडे बघत बसली. शेवटी सासरे अहिराणीत म्हणाले, "जावाईबापू, आठे ते काहीच नही शे!" इथे काहीच नाही म्हटल्यावर हशा पिकला. भाऊजी एवढंच म्हणाले, "लाजाळू आहे तो." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे क्लास मिटला, भाऊजीही गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या जाऊबाईंनी, ते यंत्र माझ्याकडे धाडलं. एका दुपारी सहज सुरू केलं. खरखर झाली, आणि मी माझ्या हाताने पुसलेली ओळ वर आली: 'मी इथेच आहे.' खाली आणखी अक्षरं उमटली: 'वहिनी, तुमची ओळ परत लावली. लिहिणाऱ्याचं नाव तेवढं राहिलं होतं.' आणि त्याखाली माझं नाव, पूर्ण.

यंत्र आता चालत नाही. नातवंडं हसतात, तरी ते ठेवलंय त्या खोलीत मी चपला घालून जात नाही.